साध्या पाण्यावरचे वीस

२९ डिसेंबर १९५५, गुरुवार

चाळीस उंदीर आले. पांढरे, लाल डोळ्यांचे, एकाच वयाचे. पाच-पाचांचे आठ पिंजरे केले. चार पिंजऱ्यांना लाल दोरा बांधला. लाल दोऱ्यांना पाण्यातून आवळ्याचा अर्क, बाकीच्या चारांना साधं पाणी. दहा दिवस असं चालेल. मग चाळिसांनाही क्ष-किरणांचा सारखाच डोस, आणि पुढे तीस दिवस तेच पाणी आणि मोजणी.

ऑक्टोबरात हेच केलं होतं. साध्या पाण्यावरच्या विसांतले पंधरा गेले, आवळ्यावरचे सात. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. कारखानीस यांनी आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "मिस मानकर, एकदा होतं त्याला बातमी म्हणतात. दोनदा झालं तर बोलू."

माझी जागा एकतीस मार्चपर्यंत आहे. दुसऱ्यांदा तसंच आलं तर काम पुढे चालेल. नाही आलं तर पिंजरे दुसऱ्या कोणाला देतील आणि मी एखाद्या शाळेत रसायनशास्त्र शिकवीन.

शाळेत शिकवायचं नाही.

३० डिसेंबर, शुक्रवार

रात्री जेवताना बंडू म्हणाला, "ताई, म्हणजे खिशात आवळे ठेवले की अणुबॉम्बला भ्यायला नको?"

त्याला नीट सांगितलं. क्ष-किरण पेशीत शिरले की तिथल्या पाण्याचे तुकडे करतात. ते तुकडे क्षणभरच टिकतात, पण तेवढ्यात समोर येईल ते ओरबाडतात. आवळ्यातलं क जीवनसत्त्व आणि तुरट द्रव्यं पुढे होऊन स्वतःला ओरबाडू देतात, पेशी वाचते. असा माझा अंदाज आहे. परदेशात एका द्रव्याने उंदीर वाचवले आहेत, पण ते सुईने द्यावं लागतं आणि सोसत नाही. आवळा सोसतो.

"मग सिद्ध कर ना," बंडू म्हणाला.

आई म्हणाली, "आधी जेव रे." सुरमईची मधली तुकडी त्याला वाढली. मला शेपटीकडची आवडते.

२ जानेवारी १९५६, सोमवार

उंदीरखान्यात शेवंतीबाई नव्या. आधीचा रघु नोकरी सोडून गावी गेला. त्याच्या वेळी बाटल्या मी स्वतः भरत असे, कारण तो भरवशाचा नव्हता. शेवंतीबाई भरवशाच्या आहेत. पूर्वी लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायला होत्या. पिंजरे असे घासतात की जाळी चमकते. अर्क करून ठेवायचं काम माझं, सकाळ-संध्याकाळ बाटल्या भरायचं त्यांचं. बाटल्या सगळ्या तपकिरी काचेच्या, कारण उजेडाने क जीवनसत्त्व जातं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "ह्या चार पिंजऱ्यांका नुसता पाणी?"

"हो. लाल दोरा नाही त्यांना नुसतं पाणी."

"कित्याक? त्यांनी काय केल्यानी?"

"काही नाही केलं. तुलना करायची असते."

"बरां," म्हणाल्या आणि फडकं पिळायला लागल्या.

काम चटकन समजलं त्यांना.

५ जानेवारी, गुरुवार

दहा दिवसांचा अर्क आठवड्यातच संपत आला. बाटल्यांची बुचं गळत असणार. आठही बुचं बदलली. दादरहून आणखी आवळे आणले. दिवसभर हात तुरट.

९ जानेवारी, सोमवार

आज किरण दिले. यंत्र धुरू चालवतात. दादरचे. माणूस चोख, पण बोलणं तिरकं. पाच-पाच उंदीर भोकांच्या लाकडी पेटीत ठेवायचे, पेटी यंत्राखाली सरकवायची. डोस साडेसहाशे रॉन्टजन. आठ खेपा.

काहीच दिसत नाही. उंदीर पेटीत जातात तसेच बाहेर येतात, मिशा हलवतात. पहिला आठवडा ते ठणठणीत असतात. आठव्या-नवव्या दिवसापासून मरायला लागतात, पंधराव्यापर्यंत बहुतेक निकाल लागतो.

शेवंतीबाई दारात उभ्या होत्या. "शेक झालो?"

"झाला."

"माझ्या घोवाक दिले ते ह्येच?"

त्यांचे पती दोन वर्षांपूर्वी समोरच्या इस्पितळात होते. घशाचा रोग. मला माहीत नव्हतं. "असेच," मी म्हणाले. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि उंदीर एकेक करून, दोन्ही हातांनी, पिंजऱ्यात ठेवले.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. सगळे चाळीस जिवंत. अर्क पुन्हा लवकर संपला. किरणांनी तहान वाढत असेल. वहीत नोंद केली. हेही कधीतरी तपासायला हवं.

शेवंतीबाईंनी तिळगूळ दिला. म्हणाल्या, "पोरांकाय दिलंय. एकेक तीळ." मी म्हटलं, चाऱ्याव्यतिरिक्त काही द्यायचं नाही. "तीळच तो," म्हणाल्या. चाळिसांनाही दिला असेल तर फरक पडत नाही. चाळिसांनाही दिला होता.

१६ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी रेडिओवर भाषण. मुंबई महाराष्ट्रात नाही, केंद्राकडे राहणार. वाडीत सगळे गॅलरीत आले आणि कोणी बोलेना. मग खालून कोणीतरी शिवी दिली आणि एकदम सगळे बोलायला लागले. बंडू चप्पल घालून निघाला, आईने दार अडवलं, तो तिच्या बगलेखालून गेला.

उद्या आठवा दिवस. मला उद्या परळला असायलाच हवं.

१७ जानेवारी, मंगळवार

ट्राम नाही, बस नाही. चालत निघाले. सी. पी. टँकपर्यंत पोचले. पुढे रस्त्यात दगड, आणि दगडांपलीकडे पोलीस. एक शिपाई मराठीच होता. म्हणाला, "बाई, कुठं?"

"परळ. प्रयोगशाळेत."

"कोण आजारी आहे?"

"उंदीर."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "घरी जा," म्हणाला.

१८ जानेवारी, बुधवार

संचारबंदी. ठाकूरद्वारच्या बाजूने गोळीबाराचे आवाज आले. नववा दिवस.

तळमजल्यावरच्या दवाखान्यात फोन आहे. दोनदा प्रयोगशाळेचा नंबर लावला, कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू आला.

"कोण आहे?"

"मी शेवंती. ह्याच्यातसून बोलूचा काय?"

"शेवंतीबाई! तुम्ही तिथे कशा?"

"घराक गेलंयच नाय. रस्त्यार गोळी चलता. हयच आसंय."

"उंदीर?"

"बरे आसत. एक गेलो."

"कुठला? दोरा असलेला?"

"नसलेलो."

"एकच?"

"एकच म्हणतंय तर. किती मरूक होये होते तुमका?"

कोण कधी गेला ते पाटीवर लिहून ठेवायला सांगितलं. लिहिता येत नाही म्हणाल्या. पिंजऱ्यापुढे रेघ मारीन. म्हणाल्या, "तुम्ही घोर करू नकात. मी सगळ्यांचा बघतंय."

एकच. नवव्या दिवशी ऑक्टोबरात चार गेले होते.

२० जानेवारी, शुक्रवार

बंडू डोळे लाल करून आला, अश्रुधुराने. शर्टाची बाही फाटलेली. आई रडली, मग त्याला मारलं, मग घरातलं उरलेलं दूध तापवून दिलं. दूधवाला चार दिवस आलेला नाही. मला कोरा चहा चालतो.

फोन बंद.

२४ जानेवारी, मंगळवार

आज जाता आलं. रस्त्यावर काचा, लालबागला एक जळलेली बस.

शेवंतीबाई सात दिवस उंदीरखान्यात राहिल्या. पोत्यावर झोपल्या. जेवल्या काय विचारलं. "त्यांच्यातलाच. चणे भिजत घालूचे आनि खावचे. माप करा." इतक्या दिवसांनंतर खोली स्वच्छ होती. पिंजऱ्यांपुढे खडूच्या रेघा होत्या.

लाल दोऱ्याच्या पिंजऱ्यांपुढे तीन रेघा. बाकीच्या चारांपुढे मिळून चार.

पुन्हा मोजलं. उंदीर मोजले. तेहतीस.

शेवंतीबाई हसत होत्या. सात दिवसांत ती एकटीच बाई आणि तेहतीस जिवंत. मी हसायला हवं होतं. मी विचारलं, "साध्या पाण्यावरचे इतके कसे जगले?"

त्या म्हणाल्या, "बघल्याशिवाय जगतत?"

पंधरावा दिवस आहे. बारा-तेरा जायला हवे होते. चारच गेले. आवळ्यावरचे आणि साधे सारखेच. म्हणजे आवळा काही करत नाही.

२५ जानेवारी, बुधवार

कारखानीस म्हणाले, "तर मग ऑक्टोबर हा योगायोग."

मी म्हणाले, "किंवा यंदाचा डोस कमी पडला."

"ते धुरूंना विचारा. गोडीने विचारा."

गोडीने विचारलं नाही. मी म्हणाले, नऊ तारखेला तुमचा मीटर बरोबर होता कशावरून.

धुरूंनी चष्मा काढला. "मानकरबाई, हरताळ रस्त्यावर होता. तोही सतरा तारखेपासून. माझं यंत्र नऊ तारखेला हरताळावर नव्हतं."

"तपासून दाखवा."

"दाखवतो. आणि बरोबर निघालं तर?"

त्यांनी तीनदा मोजून दाखवलं. तिन्ही वेळा बरोबर. चौथ्यांदा मला मोजायला लावलं. मीटर पेटीत ठेवताना म्हणाले, "आता आवळ्याला विचारा."

२८ जानेवारी, शनिवार

आवळ्याला विचारलं.

एक निळा रंग असतो. क जीवनसत्त्व भेटलं की तो उडतो. थेंब मोजून टाकायचे. अर्क जुना होऊन निकामी झाला असेल तर निळा तसाच राहील. अर्कात टाकला: लगेच उडाला. अर्क चांगला आहे.

मग पद्धत म्हणून साध्या पाण्याचंही करायचं. ते निळंच राहायला हवं. दोरा नसलेल्या पिंजऱ्याची बाटली घेतली.

निळा उडाला.

बाटली धुतली नसेल म्हणून दुसरी घेतली. तिसरी. चौथी. चारही.

दोन वाजले होते, शनिवार, इमारतीत कोणी नाही. स्टुलावर बसून राहिले. कोणीतरी साध्या पाण्यात अर्क घालतंय. पहिलं नाव मनात धुरूंचं आलं. त्याची लाज इथे लिहून ठेवते.

३० जानेवारी, सोमवार

"शेवंतीबाई, दोरा नसलेल्या बाटल्यांत अर्क कोणी घातला?"

"मिया."

लपवणं नाही, घाबरणं नाही.

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. तुम्ही करून ठेवल्यात तो सगळ्यांका वाटून घातलंय. कोणाक कमी-जास्त नाय."

"मी नाही म्हटलं होतं."

"म्हटल्यात. पण बाई, एका पंगतीक बसवायचा, आनि अर्ध्यांच्या पानात वाढूचा नि अर्ध्यांका पाणी दाखवूचा? पंक्तिप्रपंच तो. माझ्या हातान होवचो नाय."

"अहो, उंदीर आहेत ते."

"म्हणान काय झाला? जेवतत मा?"

मी म्हणाले, माझं सगळं काम त्यांनी पाण्यात घालवलं. हे शब्द तसेच तोंडातून गेले. त्या पिंजऱ्याकडे वळल्या. मग पिंजऱ्याची कडी लावत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घोवाक शेक चालू होते तेव्हा घशातसून काय उतरा नाय. बाजूच्या खाटेवरच्याक घरसून मोसंब्याचो रस येय. ह्यो बघत रव्हायचो. मी आणलंय असता तर उतरलो नसतो. पण बघत रव्हायचो."

माझ्याकडे फक्त आकडे होते, आणि तेही आता नव्हते.

३१ जानेवारी, मंगळवार

सांगायचं की नाही? सांगितलं तर शेवंतीबाईंची नोकरी जाईल. नाही सांगितलं तर आवळा खोटा ठरेल, आणि तो खोटा ठरलेला नाही. त्याची परीक्षाच झालेली नाही.

कारखानिसांना सगळं सांगितलं. मी म्हणाले, चूक माझी. शेवंतीबाईंना काय करायचं ते मी सांगितलं. का करायचं ते सांगितलं नाही.

"बाईंना काढा."

"सर, संचारबंदीत सात दिवस एकटीने तेहतीस उंदीर जगवले तिने."

"तीच तर तक्रार आहे."

पण ते हसले. म्हणाले, "गंमत बघा. चाळिसांनी आवळा घेतला आणि चाळिसांतले तेहतीस राहिले. पण शेजारी मेलेले नाहीत, म्हणून हे कोणाला सांगता येत नाही."

"पुन्हा करते. चोवीस मार्चला तीस दिवस पुरे होतील. हिशेब केलाय."

"आणि बाई?"

"बाई राहतील."

"तुमच्या जबाबदारीवर," म्हणाले.

धुरूंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चष्मा काढला नाही. "चहा घेणार?" म्हणाले. घेतला.

८ फेब्रुवारी, बुधवार

दुसऱ्या प्रयोगाचा तिसावा दिवस. एकतीस जिवंत. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.

११ फेब्रुवारी, शनिवार

नवे चाळीस आले. या वेळी शेवंतीबाईंना आधी बसवून सांगितलं. दोरा नसलेल्या विसांना आवळा मिळणार नाही. त्यांतले बरेचसे मरणार. ते मेले तरच कळणार की बाकीचे आवळ्याने जगले.

"मरतले म्हणून ठाव आसताना?"

"हो."

"आनि मगे शेक घेणाऱ्या माणसांका देतले ह्यो अर्क?"

खोटं सांगता आलं असतं. "वर्षं जातील. कदाचित कधीच देणार नाहीत. उंदराला लागू पडतं ते माणसाला पडेलच असं नाही."

मग म्हणाल्या, "तर दोन पंगती करा. त्या वीसांका पलीकडच्या खोलयेत ठेवा. दुसऱ्याचा पान दिसूक नको. मगे मी नुसता पाणी घालीन. माझो शब्द."

मी ती खोली जाऊन पाहिली. खरंच पाहिली. पश्चिमेची, दुपारी तापते, भिंतीपलीकडे बॉयलर. तिथे ठेवलेले उंदीर जास्त मेले तर आवळ्याने की उन्हाने, कोण सांगणार? सगळं सारखं असायला हवं; खोली, फळी, उजेड, चारा. एका गोष्टीशिवाय सगळं.

परत येऊन म्हणाले, "नाही. एकाच खोलीत. एकाच फळीवर."

"मगे बाटल्यो तुम्ही भरा."

"मी भरीन."

"आयतवारी?"

"रविवारी पण."

१३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सातला बाटल्या भरल्या, आठही. शेवंतीबाई त्या वेळी बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. झाल्यावर आत आल्या आणि पिंजरे पुसले.

१९ फेब्रुवारी, रविवार

आई म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कसली प्रयोगशाळा? लोक काय म्हणतील?" बंडू म्हणाला, "तिला जाऊ दे गं, तिचं आंदोलन आहे ते." आईने त्याच्या पोह्यांवर खोबरं घातलं. मला उशीर होत होता.

पहिल्या बसने गेले.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

किरण दिले. धुरूंनी प्रत्येक खेपेआधी मीटर माझ्यापुढे धरला. आठ वेळा. मी आठ वेळा वाचला.

४ मार्च, रविवार

दहावा दिवस. साधे पाच गेले, लाल दोऱ्याचा एक.

६ मार्च, मंगळवार

साधे नऊ. लाल दोऱ्याचे दोन.

सहाव्या, दोरा नसलेल्या पिंजऱ्यात एक आहे, डाव्या कानाला दोन खाचा असलेला, सत्तावीस नंबर. केस पिंजारलेले, पाठ वर, डोळे अर्धे मिटलेले. बाटली लावली तेव्हा तो सरकत सरकत नळीपर्यंत आला आणि प्यायला लागला. माझ्या दुसऱ्या हातात अर्काची बाटली होती.

या टप्प्यावर दिला तरी उपयोग होत नाही, हे मला माहीत आहे. पाण्याचे तुकडे क्षणभर टिकतात; तो क्षण बारा दिवसांमागे गेला. तरीही बाटली हातात ठेवू नये असं वाटलं. मागच्या खोलीत नेऊन ठेवली, दार लावलं, परत आले. मोकळ्या हातांनी उरलेलं साधं पाणी घातलं.

यापुढे आधी साधं पाणी, मग अर्क. दोन्ही एका वेळी हातात घ्यायचे नाहीत. पद्धतीत हे लिहायची गरज नाही.

७ मार्च, बुधवार

सत्तावीस गेला. शेवंतीबाई मेलेला उंदीर उचलून कागदात गुंडाळतात, कान बघून खाचा सांगतात, मी लिहून घेते. आज म्हणाल्या, "दोन खाचांचो." मी नंबर आधीच लिहिला होता.

"बाई, जेवल्यात काय?"

"नंतर."

त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि अर्धी स्वतः घेतली. वर सुकटीची चटणी, मोजून सारखी.

१० मार्च, शनिवार

सोळावा दिवस. साधे तेरा, लाल दोऱ्याचे पाच. आता थांबेल.

२४ मार्च, शनिवार

तिसावा दिवस. साध्या पाण्यावरच्या विसांतले चौदा मेले. आवळ्यावरच्या विसांतले सहा.

ऑक्टोबरात पंधरा आणि सात होते.

पुन्हा मोजलं. धुरूंना बोलावून मोजायला लावलं. ते म्हणाले, "आकड्यांना तरी दम घेऊ द्या, बाई."

कारखानिसांनी उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची पुढे केली. "बसा. बोलू." काम पुढे चालेल, आणखी एक वर्ष. आवळ्यातलं नेमकं काय वाचवतं ते आता काढायचं: क जीवनसत्त्व की तुरट द्रव्य, की दोन्ही मिळून. निबंध लिहायला घ्या म्हणाले. पहिला आणि तिसरा प्रयोग. दुसरा वगळा.

"दुसराही लिहीन."

"काय लिहिणार? की बाईने पंगत वाढली?"

"हो. चाळिसांनाही अर्क मिळाला आणि एकतीस जगले, हे झालं आहे. न झाल्यासारखं कसं करायचं?"

"लिहा. मी कापीन."

"पुन्हा लिहीन."

त्यांनी मान हलवली. तो होकार होता की नकार, कळलं नाही. होकार धरून चालते.

२६ मार्च, सोमवार

वाचलेले वीस आज कापायला घ्यायचे होते. रक्त घडवणारी प्लीहा आणि हाडातला मगज पाहिल्याशिवाय काम पुरं होत नाही. शेवंतीबाईंना सांगायचं राहून गेलं होतं.

"वाचलेले पण?"

"हो."

"लाल दोऱ्याचे पण?"

"सगळे."

"मगे वाचयल्यात कित्याक?"

या वेळी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. पिंजरे त्यांनीच उचलून आणले, दोन खेपांत. उंदीर माझ्या हातात दिले, एकेक.

काप चांगले आले. आवळ्यावरच्यांची प्लीहा भरलेली दिसते.

२९ मार्च, गुरुवार

शेवंतीबाई शनिवारपासून येणार नाहीत. समोरच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात आयाचं काम मिळालं. तिथे पगार इथल्याहून कमी, काम जास्त, रात्रपाळी. का जातात कळलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "थयसर जेवणाच्या येळेक माणूस कमी पडता."

मी त्यांच्यावर आता रागावलेली नाही, हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी उंदीरखान्याच्या किल्ल्या मोजून घेतल्या.

२ एप्रिल, सोमवार

नवा माणूस आला. शिवा, चाळिशीचा, चिंचपोकळीला राहतो. चौथ्या प्रयोगाचे साठ उंदीर आले आहेत. या वेळी बारा पिंजरे, तीन रंगांचे दोरे.

त्याला पहिल्याच दिवशी फळीपुढे उभं करून सगळं सांगितलं. कोणाला काय मिळणार, कोणाला मिळणार नाही. हे पंधरा बिनदोऱ्याचे, यांतले बहुतेक मरणार. आपल्याला ते माहीत आहे आणि तरी आपण यांना साधंच पाणी घालणार. का, तेही सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग म्हणाले, "काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा."

त्याने पिंजऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आयतवारी सुट्टी आसता मा?"

तो आणखी काही विचारेल असं वाटलं होतं.

"असते," म्हणाले. "रविवारचं मी बघेन."